सीपॅप आणि घरातली धूळ : तुमच्याकडे काय करता, सांगा

मार्च महिन्यातली गोष्ट. यजमानांच्या सीपॅप मशीनचा, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या यंत्राचा, आवाज वाढलाय असं मला तीन-चार रात्री वाटत होतं. ते म्हणायचे, तुला भास होतो. मग सकाळी उठल्यावर त्यांचं नाक चोंदलेलं असायचं, घसा कोरडा. सर्दी समजून आठवडाभर वाफारे घेतले. शेवटी मशीन बघणाऱ्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "वहिनी, हवा आत जाते तिथलं झाकण काढा आणि फिल्टरचा रंग सांगा." बसवताना पांढराशुभ्र असलेला फिल्टर विटेसारखा झाला होता. सात महिने तो कोणी बदललाच नव्हता.

मास्क मी रोज पुसत होते, नळी दर रविवारी धुवत होते. हवा जिथून आत शिरते त्या दोन बोटं रुंद चौकोनाकडे मात्र कधी पाहिलं नाही. आमचं घर गोव्यात म्हापशाजवळ, महामार्गापासून हाकेच्या अंतरावर. खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं की तांबडं होतं. हेच सगळं यजमान रात्रभर ओढत होते या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

झोपेच्या तपासणीत त्यांचा श्वास तासाला ३४ वेळा अडत होता. ३० च्या वर म्हणजे तीव्र, असं डॉक्टरांनी सांगितलं. मशीन येण्याआधी दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. त्यामुळे मशीन बाजूला ठेवून चालणार नाही, ते स्वच्छच ठेवायला हवं. सोबत आलेल्या माहितीपत्रकात फिल्टर महिन्याला बदला म्हटलंय, पण ते पत्रक आपली धूळ बघून लिहिलेलं नाही. म्हणून विचारते : तुमच्या गावात, तुमच्या घरात तुम्ही काय करता? काय चुकलं, तेही सांगा.

डिचोली, निवृत्त शिक्षक

ताई, तुमच्या फिल्टरचा रंग आमच्याकडच्यांना नवीन नाही. माझ्याकडे मशीन २०१७ पासून आहे. तेव्हा लोहखनिजाचे ट्रक आमच्या रस्त्यानं दिवसभर जायचे. पहिल्याच महिन्यात फिल्टर गेरूसारखा झाला. तेव्हापासून सवय लावून घेतली : काढलेला प्रत्येक फिल्टर वहीच्या पानावर चिकटवतो आणि खाली तारीख लिहितो. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या. त्या साली पावसाळा सरल्यानंतरचे फिल्टर बघा, नुसते राखाडी आहेत. घरात मी एकही वस्तू हलवलेली नव्हती. ट्रक थांबण्यानं आमच्या शेकडो घरांची रोजीरोटी गेली, ते दुःख वेगळं आणि मोठं आहे. पण माझ्या फुफ्फुसांनी कोणती हवा घेतली याचा पुरावा त्या वहीत आहे.

चूकही सांगतो. सुरुवातीला काटकसर म्हणून मी तो पातळ फिल्टर साबणानं धुवून परत लावला. वाळल्यावर तो वरून स्वच्छ दिसतो, पण त्याची वीण सैल होते आणि बारीक धूळ सरळ आत जाते. काही मशीनना स्पंजासारखा, धुवायचा फिल्टर वेगळा येतो. तो धुवावा, पूर्ण वाळवावा, मगच लावावा. कागदासारखा पातळ असतो तो टाकायचाच. हल्ली ट्रक परत दिसू लागलेत, म्हणून उन्हाळ्यात मी पंधरा दिवसांनी बदलतो. काढून उजेडासमोर धरतो. पलीकडचा दिवा नीट दिसला नाही की तो गेला समजायचा.

अजून एक. झोपायच्या खोलीत केरसुणी बंद केली आहे. झाडलं की धूळ उडते आणि बराच वेळ हवेत राहते. ओल्या फडक्यानं लादी पुसायची, तीही सकाळीच.

वास्को

आमच्याकडे तांबडी नाही, काळी. मुरगाव बंदरात जहाजांनी कोळसा उतरतो आणि रेल्वेनं पुढे कर्नाटकात जातो. संध्याकाळी वारा फिरला की बाल्कनीत वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर ठिपके येतात. बाबांच्या फिल्टरवर बोट टेकलं की काजळ लागल्यासारखं होतं.

माझ्या हातून झालेली चूक सगळ्यांनी वाचावी म्हणून लिहिते. धूळ बसू नये म्हणून मी मशीनवर सुती ओढणी घालायचे आणि रात्रीसुद्धा ती तशीच ठेवायचे. मशीन चालू असताना! हवा घ्यायची जागाच झाकली गेली. बाबा म्हणायचे, आज हवा कमी येते, मला वाटायचं त्यांचा मास्क सैल झालाय. एका रात्री हात लावला तर मशीन चांगलंच तापलेलं. आता ओढणी फक्त दिवसा, मशीन बंद असताना, वायर काढून. रात्री सुरू करण्याआधी ओढणी घडी करून उशीखाली ठेवायची, म्हणजे विसरायला होत नाही. मशीन पडद्यापासून आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवलंय.

समुद्राकडची खिडकी रात्री बंद असते. बाबांना ते आवडत नाही. आयुष्यभर खिडकी उघडी ठेवून झोपलेला माणूस. त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

सत्तरी

आमचं घर कौलारू, माळा फक्त अर्ध्या भागावर. धूळ रस्त्यावरून येत नाही, वरून पडते. कौलांच्या सांध्यांतून माती, वाळलेलं शेवाळ, उंदरांनी कुरतडलेला भुसा. वादळी वारा सुटला की पलंगावर सडा. आईसाठी मशीन आणलं तेव्हा ते डोक्याशी टेबलावर ठेवलं होतं आणि आठ दिवसांत त्याच्या पाठीवर बोटानं नाव लिहिता येईल अशी स्थिती झाली. मग पलंगावर आणि टेबलावर मिळून जुन्या नऊवारीचं छत बांधलं, चवथीला गणपतीच्या वर बांधतो तसं. महिन्याला सोडून धुवायचं. फरक लगेच दिसला.

दुसरं, मुंग्या. नळी धुवून दोरीवर टाकली आणि संध्याकाळी उचलली तर आत मुंग्यांची रांग. आईनं नळी लावण्याआधी मी उजेडाकडे धरून बघितली म्हणून कळलं. तेव्हापासून नळीच्या दोन्ही तोंडांना मलमलीचं फडकं रबरानं बांधतो. हवा खेळते, पाणी सुकतं, किडा शिरत नाही. सावलीत वाळवायची, कडक उन्हात प्लास्टिक कडक होतं.

मडगाव

> वरच्या दादांना : मुंग्यांचं आमच्याकडेही झालं. नळीत नव्हे, मास्कच्या गादीत. चेहऱ्याचा घाम आणि तेल तिथं राहतं. रोज सकाळी भांड्यांच्या सौम्य साबणाचा एक थेंब आणि कोमट पाणी, एवढंच पुरतं.

फोंडा

धुळीबद्दल सगळे लिहिताहेत, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे धूळ कुठे असते? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, पापड मऊ होतात, तेव्हा फिल्टर कोरडा कसा राहील? माझा फिल्टर जुलैत पांढराच होता म्हणून मी दोन महिने बदलला नाही. रात्री मास्क लावला की दमट गोणपाटासारखा वास यायचा. काढून बघितला तर कडेला बारीक काळे ठिपके. बुरशी. ऑगस्टभर खोकला होता, डॉक्टरांनी छातीचा एक्स-रेही काढला, तो नीट निघाला. फिल्टर बदलल्यावर वास गेला आणि हळूहळू खोकलाही गेला. दोन्हींचा संबंध होता की नाही ते मी ठरवणारा कोण, पण पावसात रंगावर विसंबू नका, वास घेऊन बघा.

दमटपणाच्या टाकीबद्दल (हवा ओलसर करायला मशीनला असते ती पाण्याची टाकी) : सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकायचं, टाकी उघडी वाळवायची. आठवड्यातून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी घालून अर्धा तास ठेवायची आणि खळखळून धुवायची. आत डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचं पाणी घातलं होतं, तळाशी पांढरा थर धरला. पावसाळ्यात मी दमटपणाचा आकडा अगदी खाली आणतो, हवाच इतकी ओली असते. नाहीतर नळीत पाणी साचून मध्यरात्री गुडगुड होते. मशीन पलंगापेक्षा थोडं खाली ठेवलं तर ते पाणी चेहऱ्याकडे न येता मागे जातं. मात्र जमिनीवर नको, जमिनीलगत धूळ जास्त.

कुडचडे, उपकरणं दुरुस्त करणारा

मी मशीन विकत नाही, उघडतो. म्हणून आत काय दिसतं ते सांगू शकतो.

सीपॅप म्हणजे मुळात पंखा. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपचार जगापुढे मांडला, तेव्हाच्या यंत्राला व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा होता, फक्त उलट्या कामाला जुंपलेला. तो हवा ओढणार आणि हवेत जे आहे तेही ओढणार. मशीनवर दाबाचा आकडा दहा असेल तर मास्कच्या बारीक भोकांतूनच मिनिटाला ३० ते ४० लिटर हवा बाहेर जाते. आठ तासांचा हिशेब करा, चौदा हजार लिटरच्या वर जातो. एवढी हवा त्या लहानशा फिल्टरमधून गाळली जाते.

फिल्टर तुंबला की दाब टिकवण्यासाठी मोटरला जोर लावावा लागतो, म्हणून आवाज वाढतो. ताई, तुमचा कान बरोबर होता. याहून वाईट म्हणजे फिल्टर न लावता चालवलेलं मशीन. असं एक माझ्याकडे आलं होतं. नवा मिळेपर्यंत चालवू म्हणून घरच्यांनी दीड महिना तसंच वापरलं. पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखा थर आणि हवेच्या वाटेत सगळीकडे माती. ते घरी साफ होत नाही. फुंकर मारून किंवा व्हॅक्यूमनं आतलं ओढायला जाऊ नका, धूळ आणखी खोल जाते. बाहेरून ओलसर फडकं, वायर काढून, बस्स. फिल्टर घेताना सहा एकदम घ्या. इथं ऐनवेळी मिळत नाहीत.

ओझोन सोडून 'निर्जंतुक' करणाऱ्या पेट्या कोणी घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये त्यांबाबत सावध केलं आहे. ओझोन फुफ्फुसाला त्रासदायक, आणि २०२१ मध्ये ज्या मशीनांमधला आवाज दाबणारा फोम झिजतो म्हणून ती जगभरातून परत मागवली गेली, त्यांत ओझोनमुळे झीज वाढू शकते असंही सांगितलं गेलं होतं. तुमचं मशीन त्या काळातलं असेल तर खालचा क्रमांक परत मागवलेल्यांत आहे का ते तपासून घ्या.

पेडणे

चवथीआधीची साफसफाई लक्षात ठेवा सगळ्यांनी. जळमटं काढणं, भिंती घासणं, रंग. गेल्या वर्षी आम्ही दोन खोल्या रंगवल्या, जुना चुना खरवडला. यांचं मशीन त्याच खोलीत, कोपऱ्यात होतं. तीन दिवसांत फिल्टर पांढरा होता तो आणखीच पांढरा, पिठासारखा झाला! पांढरा म्हणून कुणाला कळलंही नाही, बोटावर भुकटी आली तेव्हा समजलं. आता काम निघालं की मशीन आधी पिशवीत, पिशवी दुसऱ्या खोलीत. टाकीतलं पाणी ओतून मगच हलवायचं, नाहीतर पाणी मशीनमध्ये शिरतं. आरतीचा धूप आणि फटाके होतात त्या दिवसांत हे मागच्या खोलीत झोपतात.

म्हापसा (पुन्हा मीच)

सगळ्यांचे आभार. मास्तरांसारखी वही मीही सुरू केली आहे. पहिल्या पानावर तो विटेच्या रंगाचा फिल्टर आहे, यजमान म्हणाले तो टाकू नकोस. मशीन रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या, न्हाणीच्या बाजूच्या खोलीत नेलं. तिथं ओल जास्त, त्यामुळे जूनमध्ये फोंड्याच्या भाऊंचा सल्ला लागेल. सध्या अठरा दिवस झाले, काल काढून दिव्यासमोर धरला. फिकट गुलाबी. दिवा दिसतो.

वास्कोच्या ताई, तुमच्या बाबांसाठी एक विचारायचं होतं. समुद्राच्या उलट्या बाजूला, घराच्या आतल्या चौकाकडे उघडणारी एखादी खिडकी आहे का? असेल तर पलंग तिकडे फिरवून बघता येईल का?

> वास्को : आहे. स्वयंपाकघराला लागून. रविवारी भाऊ येतोय, पलंग हलवून बघतो. दोन आठवड्यांनी फिल्टरचा रंग कळवते.