पुनर्विकासात घर रिकामं करताना: आताच निवड करावी की सामान बांधून ठेवावं?

मापटं

मुंबई-पुण्यातल्या जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. तीस-चाळीस वर्षांचा संसार दोन-तीन महिन्यांत हलवायचा असतो आणि बहुतेक घरांत एकच तोडगा निघतो: सगळं खोक्यांत भरा, गोदामात टाका, नव्या घरात गेल्यावर बघू. माझ्या मते हे साफ चूक आहे. निवड जुन्या घरातच, खोकं भरण्याआधी व्हायला हवी.

कारण मापाचं आहे. नव्या इमारतींत माळे (छताखालच्या सामान ठेवायच्या जागा) बहुधा नसतातच. १० फूट लांब, २ फूट खोल आणि २ फूट उंच माळा म्हणजे ४० घनफूट. असे तीन माळे म्हणजे १२०. नव्या घरातलं ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल कपाट होतं ८४ घनफुटांचं. म्हणजे नुसतं माळ्यांवरचं सामान जवळजवळ दीड कपाट खातं, तेही त्यात एकही कपडा न ठेवता. चटईक्षेत्र वाढतं, पण खिडक्या मोठ्या होतात आणि कपाट लावायला भिंतच उरत नाही. तेव्हा करारासोबतचा आराखडा समोर घ्या, त्यावर कपाटं आखा आणि मगच माळ्याला शिडी लावा.

एका वेळी एकच माळा काढा. ढीग चार: नव्या घरात जागा ठरलेलं, कुणाला तरी द्यायचं, मोडीत किंवा भंगारात जायचं, आणि कागद. काढलेली वस्तू परत वर चढवायची नाही. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी, कारण ते शेवटच्या दिवसापर्यंत चालू असतं.

गोदामात पावसाळ्यागणिक काय होतं तेही बघा. कापसाच्या गाद्या ओल धरतात, पुठ्ठ्याच्या खोक्यांना वाळवी लागते, पुस्तकांत कसर शिरते. शिवाय दरमहा भाडं, आणि चढ-उताराची मजुरी दोनदा.

सदाफुली

असहमत. माप बरोबर आहे, पण घर सोडायची तारीख डोक्यावर असताना केलेली निवड ही निवड नसते. अशा वेळी वस्तूची किंमत ठरवतो दारात काटा घेऊन उभा असलेला माणूस.

तांब्या-पितळेचंच घ्या. घंगाळ, बंब, हंडे, जाड बुडाची पातेली. मोडीत यांना फक्त धातूचा भाव मिळतो, घडणावळ शून्य. त्यातूनही लोखंडी कड्या, बंबाची आतली जाळी, डाग दिलेले जोड यांचं वजन अंदाजाने कापतात, आणि तो अंदाज नेहमी घेणाऱ्याच्या बाजूचा असतो. तेवढ्याच जाडीचं पातेलं पुन्हा घ्यायला गेलात तर मोडीचे पैसे कुठल्या कुठे राहतात. जरीच्या साड्यांचंही तेच. जुन्या पैठणी-शालूची जर चांदीची असू शकते. सराफाकडून पारखून घेतल्याशिवाय दारावर येणाऱ्याला त्या देऊच नयेत. दोन महिन्यांत हे सगळं कोण करणार? भांडी आणि साड्या गोदामात राहिल्या तर बिघडत नाहीत.

मापटं

भांडी बिघडत नाहीत हे मान्य. साड्यांचं नाही. घडी न बदलता तीन वर्षं राहिली तर रेशीम घडीवरच चिरतं आणि डांबरगोळी जरीला टेकली तर जर काळवंडते. साड्या सुती कापडात गुंडाळून भाड्याच्या घरी सोबत न्या, दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडा. आणि पितळ ठेवायचं म्हणता, पण वापरणार कोण?

ओसरी

वापरता येतं, पण त्याची अट आधी समजून घ्या. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आमटी, ताक, चिंचेचं काही शिजवायचं नाही. आंबट पदार्थात धातू उतरतो. कल्हई करताना भांडं तापवून, नवसागर टाकून, त्यावर कथील कापसाच्या बोळ्याने पसरवतात. रोजच्या वापरात ती काही महिन्यांत झिजते, म्हणजे कल्हईवाला वर्षातून एकदा-दोनदा तरी गाठावा लागतो. ज्या गावात तो मिळत नाही तिथे पातेली ठेवून उपयोग नाही. परात, कळशी, पाण्याचं तांब्याचं पिंप यांना कल्हईची गरज नाही, ती ठेवा. पोचे गेलेली भांडी पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत दाखवा. तिथे मठाराचं, म्हणजे हातोडीने ठोकून भांडं घडवायचं, काम करणारे कारागीर आहेत.

मोडीत द्यायचंच ठरलं तर घरच्या स्प्रिंग काट्यावर वजन करून लिहून ठेवा, चुंबक फिरवून लोखंडी भाग आधी काढून टाका, आणि तांबं व पितळ वेगळं तोला. तांब्याचा भाव जास्त असतो, एकत्र दिलं की सगळं पितळेच्या भावात जातं.

दप्तरदार

सगळ्यांचंच लक्ष भांड्यांवर आहे. मोठं नुकसान कागदांच्या ढिगात होतं, आणि या बाबतीत मी पूर्णपणे सदाफुलींच्या बाजूचा. रद्दीचा निर्णय घाईत घेऊ नका.

घराचे मूळ करार (आधीच्या मालकांचेही), मुद्रांक शुल्क आणि नोंदणीच्या पावत्या, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला कराराचा गोषवारा), सोसायटीचं भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), नामनिर्देशनाची पोच हे कायमचं ठेवायचं. १ एप्रिल २००१ नंतर घरात केलेल्या मोठ्या सुधारणांची बिलंसुद्धा. पुढे घर विकलं तर भांडवली नफ्यातून तो खर्च वजा करून मागताना तीच लागतात, आणि नेमकी तीच पहिली फेकली जातात.

जुने कागदी शेअर सापडले तर रद्द झाले समजू नका. १ एप्रिल २०१९ पासून ते कागदी स्वरूपात विकता येत नाहीत, आधी डीमॅट (इलेक्ट्रॉनिक नोंदीत रूपांतर) करावे लागतात. सलग ७ वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारी गुंतवणूकदार निधीत (आयईपीएफ) वर्ग झालेले असू शकतात. तिथून ते आयईपीएफ-५ अर्ज भरून परत मागता येतात, त्यासाठी फोलिओ क्रमांक हवा. तो प्रमाणपत्रावर असतो.

साड्यांच्या घड्या, डबे, पुस्तकांची पानं झटकून बघा. २००० ची नोट निघाली तर रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर किंवा नागपूर कार्यालयात अजून बदलून मिळते. जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा बदलत नाहीत, आणि एकूण १० पेक्षा जास्त बाळगणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मोडी लिपीतले कागद निघाले तर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुराभिलेखागारात विचारा.

निंबोणी

फोटोंबद्दल कुणी बोललं नाही. आठवणीच जपायच्या तर स्कॅन करा आणि अल्बम काढून टाका, एक अख्खा खण सुटतो.

ओसरी

अल्बम टाका, फोटो नको. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढले की कोपरे फाटतात. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा सरकवा. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात, ते पुरतात. मागे नावं लिहिली असतील तर मागची बाजूही स्कॅन करा. मूळ फोटो आम्लविरहित कागदात घालून बुटाच्या खोक्याएवढ्या जागेत मावतात. निगेटिव्ह कधीच टाकू नका, त्यात छापील फोटोपेक्षा जास्त बारकावा असतो.

मापटं

कागदांचं मान्य करतो. कागद, फोटो, साड्या हे सोबत न्या, चाळणं भाड्याच्या घरात करा. पण मोठ्या सामानाचं मत बदललेलं नाही. जुना फ्रिज, टीव्ही, मिक्सर, ट्यूबलाइट हे गोदामात नेण्यात काहीच अर्थ नाही. फ्रिज भंगारवाल्याला दिला की तो कॉम्प्रेसरची नळी तोडतो आणि आतला वायू मोकळा सुटतो, म्हणून तो अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या. सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो, त्या फोडू नका.

सदाफुली

फ्रिजवर वाद नाहीच. सागवानी कपाटांवर आहे. तिरक्या उजेडात भोकं बघा. खाली ताजी पिवळसर भुकटी पडत असेल तर भुंगा जिवंत आहे, आधी औषध भरा. भुकटी नसेल आणि सांधे घट्ट असतील तर ते लाकूड गोदामाच्या भाड्यालायक नक्कीच आहे. सुताराकडून फळ्या सुट्या करून नव्या घरात दुसरं फर्निचर करून घेता येतं. प्लायवुडचं मात्र तिथेच सोडा, एकदा उकललं की त्याला स्क्रू धरत नाही.