अमेरिकेचा अध्यक्ष टीव्हीवाले निवडतात काय?

सात रस्तेकर

जुळे सोलापूरकर यांच्या कालच्या टिपणाचा मथितार्थ असा की, अमेरिकेचा अध्यक्ष तिथले मतदार निवडत नाहीत, टीव्हीवरचे निवेदक निवडतात. 1960 साली केनेडी यांच्याविरुद्धच्या टीव्हीवरील वादचर्चेत निक्सन घामाघूम दिसले म्हणून हरले, तेव्हापासून तिथल्या मतदाराला स्वतःचे डोके उरलेले नाही. आणि आपला सोलापूरचा मतदार मात्र चॅनलवाल्यांना भीक घालत नाही. पहिली दोन विधाने अर्धवट वाचनातून आलेली आहेत आणि तिसरे निव्वळ गावाच्या अभिमानातून, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

26 सप्टेंबर 1960 रोजी शिकागोत झालेल्या वादचर्चेत निक्सन नुकतेच दुखण्यातून उठलेले होते आणि फिकट दिसत होते, हे खरे आहे. परंतु रेडिओवर ऐकणाऱ्यांनी निक्सन यांना आणि टीव्ही पाहणाऱ्यांनी केनेडी यांना सरस ठरवले, ही जी गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत ऐकू येते, तिचा मुख्य आधार एकच पाहणी आहे. तीत रेडिओचे श्रोते तीनशेसुद्धा नव्हते, आणि ते आधीपासूनच निक्सन यांच्याकडे झुकलेले होते की काय, हे कोणी नीट तपासलेले नव्हते. शिवाय त्या रात्री पत्रकारांचा वाटा प्रश्न विचारण्यापुरता होता. घाम निक्सन यांचा स्वतःचा होता.

पत्रकारांचे वजन पाहायचे असेल तर 1976 कडे यावे लागते. 6 ऑक्टोबरच्या वादचर्चेत तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही असे विधान केले. चर्चा संपताच फोनवरून विचारले गेले तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांना ती चूक जाणवलीही नव्हती आणि फोर्ड सरस ठरले असे म्हणणारे अधिक होते. त्यानंतर रात्रभर आणि दुसरा संपूर्ण दिवस वाहिन्यांनी तेच एक वाक्य उगाळले, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कौल पूर्ण उलटून त्यांचे प्रतिस्पर्धी कार्टर यांच्याकडे गेला. प्रेक्षकांनी चर्चा पाहिली होती, पण तिच्यात महत्त्वाचे काय घडले हे त्यांना पत्रकारांनी सांगितले. माझे म्हणणे एवढेच आहे की निवेदक मत देत नाही, तो निकष देतो.

जुळे सोलापूरकर

मास्तर, मी पाच ओळी लिहिल्या आणि आपण पूर्ण तास घेतला, त्याबद्दल आभार. परंतु आपला 1976 चा दाखला माझ्याच बाजूने साक्ष देतो, हे आपल्या ध्यानात आलेले दिसत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीविषयीचे मत चोवीस तासांत बदलणारा मतदार जर "स्वतःच्या डोक्याने" चालत असेल, तर दुसऱ्याच्या डोक्याने चालणारा कसा असतो, हे एकदा समजावून सांगावे.

होटगी रोड

आपण दोघेही निवेदकांना फार मोठे करत आहात. कौल उलटला तो चर्चेत कोण सरस ठरले याविषयीचा, मत कोणाला द्यायचे याविषयीचा नव्हे. फोर्ड यांच्या मानेवर वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांना दिलेल्या माफीचे ओझे 1974 पासून होते, त्यात महागाई आणि बेकारी होती, आणि एवढे असूनही ते जेमतेम दोन टक्क्यांनी हरले. एका वाक्याने हरले असे सांगणे पत्रकारांना सोयीचे असते, कारण त्यात त्यांची स्वतःची किंमत वाढते.

अलीकडचे पाहा. 10 सप्टेंबर 2024 रोजी फिलाडेल्फियात एबीसीचे निवेदक डेव्हिड म्यूर आणि लिंझी डेव्हिस यांनी ट्रम्प यांना भर चर्चेत दुरुस्त केले. ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित लोक पाळीव प्राणी खात असल्याच्या त्यांच्या दाव्याला पुरावा नाही, असे तिथल्या तिथे सांगितले. बहुतेक विश्लेषकांनी त्या रात्री कमला हॅरिस यांना विजयी ठरवले. नोव्हेंबरात ट्रम्प 312 प्रतिनिधी-मते (इलेक्टोरल कॉलेजची मते) घेऊन निवडून आले. उलट त्याआधीच्या 27 जूनच्या चर्चेत सीएनएनचे निवेदक जेक टॅपर आणि डॅना बॅश यांनी कोणालाच फारसे अडवले नाही, आणि तरीही 21 जुलैला बायडन यांना माघार घ्यावी लागली. निवेदक बोलले तेव्हा काही झाले नाही आणि गप्प बसले तेव्हा उमेदवार बदलला, तर याला प्रभाव म्हणायचे कसे?

सात रस्तेकर

ताई, 27 जून आणि 21 जुलै यांच्या मधले तीन आठवडे आपण एका वाक्यात ओलांडलेत. त्या तीन आठवड्यांत वाहिन्यांवर बहुतेक वेळ हाच विषय होता. मी म्हणतो तो निकष तिथेच ठरला.

जुळे सोलापूरकर

ताईंना आकडेच हवे असतील तर घ्या. 1996 ते 2000 या काळात फॉक्स न्यूज हे रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले चॅनल काही गावांच्या केबलवर आले आणि काहींच्या आले नाही. स्टेफानो डेला व्हिग्ना आणि इथन कॅप्लन या अर्थतज्ज्ञांनी या दोन प्रकारच्या गावांची तुलना करून 2007 साली दाखवले की, जिथे हे चॅनल पोहोचले तिथे रिपब्लिकन पक्षाची मते 0.4 ते 0.7 टक्क्यांनी वाढली. हा आकडा आपल्याला चिल्लर वाटेल. 2000 साली फ्लोरिडा, आणि त्यासोबत अध्यक्षपद, 537 मतांनी ठरले.

दत्त चौक

विषय निघालाच आहे तर एक्झिट पोलवाल्यांविषयी कोणी का बोलत नाही? लोकसभेचे मतदान संपल्यावर 1 जून 2024 च्या संध्याकाळी बहुतेक चॅनलांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेऊन बसवले. माझ्या मेहुण्याने ते पाहून 3 जूनला शेअर घेतले, 4 जूनला बाजार सहा टक्क्यांच्या आसपास कोसळला आणि मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या रकमेतला मोठा भाग गेला. त्या पडद्यावर हसत बसलेल्या एकाही माणसाने दुसऱ्या दिवशी साधी दिलगिरी व्यक्त केली नाही. मतदाराचे मत घडवण्याच्या गप्पा कसल्या करता? हे लोक माणसाचे घर बुडवतात.

होटगी रोड

आपल्या मेहुण्यांविषयी सहानुभूती आहे, परंतु इथे विषय मतदारांचा आहे, भागधारकांचा नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 अ नुसार पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवताच येत नाहीत. सोलापूरचे मतदान 7 मेला झाले होते. 1 जूनच्या कार्यक्रमाने 7 मेचे मत कसे बदलले, हे समजावून सांगाल काय?

दत्त चौक

कायद्याची कलमे तोंडावर फेकून माणसाला गप्प करण्याची ही पद्धत बरी आहे. ज्याचे गेले त्याने बोलूसुद्धा नये, असा आपल्या विद्वानांचा नियम दिसतो.

सात रस्तेकर

दोघांनीही आवाज थोडा खाली आणावा. दत्त चौककरांची तक्रार भलत्या ठिकाणी आली असली तरी निरर्थक नाही, कारण ज्या देशात असे कलम नाही तिथे काय होते ते पाहण्यासारखे आहे. 1980 साली एनबीसी या वाहिनीने पूर्व किनाऱ्याच्या घड्याळानुसार रात्री सव्वाआठलाच रेगन यांना विजयी घोषित केले. कॅलिफोर्नियात तेव्हा सायंकाळचे सव्वापाच वाजले होते आणि मतदान आणखी पावणेतीन तास चालायचे होते. तिथले मतदान संपण्यापूर्वीच कार्टर यांनी पराभवही मान्य करून टाकला. 2000 साली तर वाहिन्यांनी रात्री आठच्या आत फ्लोरिडा डेमोक्रॅटिक उमेदवार गोर यांना देऊन टाकले, तेव्हा त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ एक तास मागे असल्याने केंद्रे उघडी होती. दोनेक तासांनी घोषणा मागे घेतली. मध्यरात्रीनंतर सव्वादोनच्या सुमारास रिपब्लिकन उमेदवार बुश यांना विजयी ठरवले, आणि पहाटे तेही मागे घेतले. बुश यांना विजयी ठरवण्यात फॉक्स पहिले होते, आणि तिथल्या निकाल-कक्षाचे प्रमुख बुश यांचे आतेभाऊ जॉन एलिस होते. हे नाटककाराने लिहिले असते तर आपण त्याला अतिशयोक्त म्हटले असते.

पूर्व भागकर

आपल्या कायद्याचे एवढे कौतुक नको. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत टीव्हीवर प्रचार दाखवू नये, असे कलम 126 आहे. सोलापूरचा प्रचार 5 मेच्या संध्याकाळी थांबला. त्या दोन दिवसांत पुढच्या टप्प्यांच्या मतदारसंघांतल्या सभा सगळ्या चॅनलांवर थेट चालू होत्या आणि त्या आमच्या घरातल्या टीव्हीवरही दिसत होत्या. सात टप्प्यांच्या निवडणुकीत शांततेचा काळ फक्त गल्लीतल्या भोंग्याला लागू होतो.

दुसरे असे की, "सोलापूरचा मतदार" म्हणून आपण ज्याला शहाणा ठरवत आहात, तो कोणते चॅनल पाहतो हे कोणी विचारले आहे काय? आमच्या घरात तेलुगू बोलतात. माझी आई हैदराबादची वृत्तवाहिनी लावते. तेलंगणा आणि आंध्रात 13 मेला मतदान होते, त्यामुळे एप्रिलभर तिने रेवंत रेड्डी, केसीआर, जगन आणि चंद्राबाबू पाहिले. तिच्या स्वतःच्या मतदारसंघात प्रणिती शिंदे आणि राम सातपुते यांची लढत आहे, हे तिला एकाही निवेदकाने सांगितले नाही. ते तिला शेजारच्या विडी कारखान्यात जाणाऱ्या बायकांनी सांगितले. आणि मी ज्या यंत्रमाग कारखान्यात हिशेब पाहतो, तिथे टीव्ही आहे, पण मागांच्या खडखडाटात त्याचा शब्द ऐकू येत नाही. कामगार खालची पट्टी वाचतात आणि वर कोण कोणावर ओरडत आहे ते पाहतात. निवेदकाचा युक्तिवाद त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. कोणाचा चेहरा मोठ्या चौकटीत आहे आणि कोणाचा लहान, एवढेच पोहोचते.

होटगी रोड

आपल्या आईंचे उदाहरण म्हणजे समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी 1940 साली ओहायोतल्या एरी काउंटीत जे नोंदवले तेच आहे. रूझवेल्ट आणि विल्की यांच्या त्या निवडणुकीत बहुतेकांचे मत आधीच ठरलेले होते, आणि जे डळमळत होते ते रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसांचे ऐकत होते. माझा मुद्दा याहून वेगळा नाही.

पूर्व भागकर

त्या बायकांना कोणी सांगितले, हेही विचारा. त्यातल्या दोघी मराठी चॅनल पाहतात. शिवाय पाणी चार-पाच दिवसांआड येते, हा जो प्रश्न आमच्या गल्लीत रोज निघतो, तो मुंबईच्या स्टुडिओतल्या चर्चेत कधी निघाला नाही. आणि सभांमध्ये उमेदवार बोलले ते बहुतांशी स्टुडिओतल्याच विषयांवर. मास्तरांच्या निकषाची गोष्ट मला इथे पटते.

जुळे सोलापूरकर

एकंदरीत मास्तर बरोबर, ताई बरोबर, पूर्व भागकरांच्या मातोश्री बरोबर, आणि मी एकटाच अर्धवट वाचनाचा. ठीक आहे. "निवेदक अध्यक्ष निवडतात" हे वाक्य खोडतो आणि "अटीतटीच्या लढतीत निवेदक पारडे झुकवू शकतात" असे लिहितो, म्हणजे ताईंची झोप उडणार नाही.

होटगी रोड

माझी झोप शाबूत आहे आणि दुरुस्त वाक्यालाही हरकत आहे. सप्टेंबर 2020 मध्ये ब्रूकमन आणि काला या संशोधकांनी फॉक्सच्या नेहमीच्या प्रेक्षकांना तासाला 15 डॉलर देऊन सीएनएन पाहायला लावले. करोना आणि टपाली मतदान यांविषयीची त्यांची मते थोडीफार हलली, आपले चॅनल काही गोष्टी दाखवत नाही असेही त्यांना वाटू लागले, एवढे मी मान्य करते. पैसे थांबल्यावर मंडळी फॉक्सकडे परतली आणि परिणाम बराचसा ओसरला. तेव्हा पारडे झुकवायला निवेदकाला प्रेक्षक आधी आपल्या चॅनलवर आणावा लागतो, आणि तिथे तो बहुधा मत ठरवूनच आलेला असतो. डेला व्हिग्नांच्या गावांत फॉक्स लावणारे आधी कोण होते, याचे उत्तर जुळे सोलापूरकरांनी द्यावे. मेहुण्यांचा विषय दत्त चौककरांनी हवा तर वेगळा काढावा.