वरच्या खोलीत नेट पोचत नाही, बोर्डात लावायचा डबा घेऊ का?

काकू (बंगला ९): नमस्कार मंडळी, जरा विचारायचं होतं. आमचं राऊटर खाली हॉलमध्ये आहे आणि लेक गच्चीवरच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते, मीटिंग सुरू झाली की हिचा आवाज तुटायला लागतो, मग ती लॅपटॉप घेऊन जिन्यात येऊन बसते. रिपीटर लावून झाला, काड्या फुल दिसतात पण नेट काही नाही. आता दुकानदार म्हणतोय लाईटच्या बोर्डातनंच नेट नेणारे दोन डबे मिळतात, एक खाली लावायचा एक वर. खरंच असतं का असं? शॉकबिक नाही ना बसणार?

आण्णा (बंगला ११): लाईटच्या वायरीतनं नेट? उद्या नळातनं पिक्चर दाखवतील. आधी नळाला पाणी तरी येऊ दे म्हणावं

दादा (बंगला ३): असतं काकू, पॉवरलाईन ॲडॉप्टर म्हणतात त्याला. आपली लाईट ५० हर्ट्झची आणि हे डबे त्याच तारेवर डेटा सोडतात २ मेगाहर्ट्झच्या पुढं, जुने ३० पर्यंत, नवीन एव्ही२ जातीचे ८६ पर्यंत, त्यामुळं एकाचा दुसऱ्याला त्रास नाही. खालच्या डब्याला राऊटरमधनं लॅन केबल द्यायची, वरच्या डब्यातनं लॅपटॉपला केबल घ्यायची, काहींना वरच्या डब्यातच वायफाय असतं. शॉकची भीती नाही, चार्जर लावता तसंच लावायचं. पण सगळा खेळ घरच्या वायरिंगवर आहे, दुकानदार ते सांगत नाही.

५ नंबर (ज्युनिअर): दादा बॉक्सवर २००० एमबीपीएस लिहिलंय की राव, आमच्या फायबरचा प्लॅनच १०० चा हाय. नाद खुळा

दादा (बंगला ३): भावा तो आकडा जाता-येता दोन्हीचा मिळून, तो पण कागदावरचा. प्रत्यक्षात त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या आसपास मिळालं तरी वायरिंग चांगलं म्हणायचं, खराब असलं तर त्याहून कमी. आणि आणखी एक गंमत, ६०० लिहिलेल्या स्वस्त डब्यांना मागचं पोर्टच १०० चं असतं, मग वर काही छापा, १०० च्या पुढं जाणारच नाही. पण काकूंना एवढं लागतंय कुठं, व्हिडिओ मीटिंगला ३-४ एमबीपीएस रग्गड झालं. ३०-४० जरी न तुटता मिळालं तरी काम झालं.

काकू (बंगला ९): मग मागवू का?

दादा (बंगला ३): थांबा, एक सांगा. कधी एक फेज गेला की तुमच्याकडं खाली अंधार आणि गच्चीवरची खोली चालू असं होतं का, किंवा उलटं?

काकू (बंगला ९): हो की! परवा वळीव पडला तेव्हा अगदी तसंच झालं. खाली पंखा बंद आणि लेक वर आरामात एसी लावून, मला वाटलं इन्व्हर्टरवर चाललाय.

दादा (बंगला ३): मग झालं तर. एसी इन्व्हर्टरवर नाही काकू, वरची खोली दुसऱ्या फेजवर आहे. आपल्याकडं सगळ्यांना थ्री फेज मीटर, गच्चीवरच्या खोल्या मागनं बांधल्या, तेव्हा वायरमननी लोड वाटायला म्हणून त्या वेगळ्या फेजवर टाकल्या, आणि त्यात चूक काहीच नाही. पण हे डबे एकाच फेजवर असतील तर चांगले बोलतात. फेज वेगळा असला की सिग्नल डीबीमध्ये, म्हणजे एमसीबी बसवलेल्या मेन पेटीत, शेजारच्या तारेवर थोडाफार उडी मारतो, कधी चालतं, कधी रडतखडत, भरवसा नाही. वायरमन वरचा एमसीबी खालच्या फेजवर घेऊ शकतो पण वर एसी आहे, खाली गीझर आहे, सगळं एका फेजवर आलं तर नेटपायी एमसीबी पडत बसायचा. मी तरी नाही करणार.

आण्णा (बंगला ११): म्हणजे मी म्हणत होतो तेच, फसवाफसवी

दादा (बंगला ३): फसवाफसवी नाही आण्णा, वस्तू चांगली आहे, घर बघून घ्यायची.

मावशी (बंगला १४): आम्ही घेतलंय हे गेल्या दिवाळीत, एकदम मस्त चाललंय किचनमागच्या खोलीत. फक्त मिक्सर लावला की नातू ओरडतो आजी बंद कर

दादा (बंगला ३): बरोबर आहे मावशी, मिक्सरच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात, ठिणग्या उडतात, त्याचा सगळा गोंगाट त्याच तारेवर येतो. हलके एलईडी बल्ब आणि भंगार चार्जर पण तेच करतात. ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे आणि दिवसाच स्पीड पडतो त्यांनी सोलरच्या इन्व्हर्टरकडं पण बघा. आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, डबा थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचा, स्पाइक गार्डमध्ये नाही आणि यूपीएसच्या मागं तर अजिबात नाही. त्यांच्यातले फिल्टर असली वरची फ्रिक्वेन्सी गाळायलाच बसवलेले असतात, मग डेटा पण तिथंच गाळला जातो. मावशी, लाईट गेल्यावर चालतं का हो तुमचं?

मावशी (बंगला १४): नाही ना. राऊटर चालू असतं इन्व्हर्टरवर पण डब्याचा दिवाच जातो

दादा (बंगला ३): दोन्ही डबे इन्व्हर्टरच्या लाईनवरच्या सॉकेटला असले तरच लाईट गेल्यावर आशा. तरी साधा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असला तर तेव्हा गोंगाट वाढणार.

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. चर्चा उपयुक्त आहे. एक शंका, बंगले लागून आहेत, सर्वांची लाईन एकाच पोलवरून येते, मग एकाचं इंटरनेट दुसऱ्याच्या घरी जाऊ शकतं का? उद्या वाद नकोत.

दादा (बंगला ३): साहेब चांगला प्रश्न. मीटरपर्यंत जाताजाता सिग्नल बराच मरतो पण पूर्ण थांबेलच असं नाही. कंपनीतनं येताना बऱ्याच डब्यांचा पासवर्ड सारखाच असतो, म्हणून आणल्या आणल्या पेअरचं बटण दाबायचं, एका डब्याचं दाबलं की दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं, मग त्यांची त्यांची वेगळी किल्ली तयार होते, १२८ बिट एईएसचं कुलूप, शेजाऱ्याला काही वाचता येत नाही. मावशी तुम्ही केलंय ना?

मावशी (बंगला १४): नातवाला विचारते

५ नंबर (ज्युनिअर): काकू मेश घ्या की सरळ. वायफायच्या तीन डब्यांचा सेट, एक एक मजल्यावर, विषय संपला

दादा (बंगला ३): मेश वाईट नाही पण मधले दोन स्लॅब त्याला पण भेदायचेच आहेत. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय स्लॅबमध्ये मरतं, २.४ चं कसंबसं पोचतं. रिपीटरचं पण तेच झालं, काड्या रिपीटरच्या फुल दिसतात पण त्यालाच खालनं नीट मिळत नाही, त्यात एकाच रेडिओवर घ्यायचं आणि द्यायचं म्हणून स्पीड निम्मा. मेशच्या डब्यांना मागनं केबल दिली तर ते खरं मेश. म्हणजे फिरून केबलवरच येतोय. काकू, तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये टेलिफोनचा जुना पॉइंट आहे ना?

काकू (बंगला ९): आहे, त्याच्यासमोर कपाट लावलंय. फोन कधीच काढून टाकला.

दादा (बंगला ३): कपाट सरकवा. आपल्या सगळ्या बंगल्यांत हॉलमधनं त्या पॉइंटपर्यंत टेलिफोनचा वेगळा पाईप आहे. जुन्या वायरीच्या टोकाला कॅट सिक्स बांधायची आणि दुसरीकडनं जुनी ओढायची, नवीन आपोआप येते, भिंतीला झिरी मारायची भानगड नाही. वाकणात अडकली तर थोडी टाल्कम पावडर लावायची, जोर करायचा नाही. बेडरूममधनं वर जिन्याच्या कडेनं केसिंग पट्टीतनं न्यायची आणि खोलीत एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवर चालणारा वायफायचा डबा. १०० मीटरपर्यंत केबलला काही होत नाही, तुमचं २५ मीटरात भागेल. फक्त केबल शुद्ध तांब्याची घ्या, सीसीए लिहिलेली म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, ती ओढताना तुटते. आणि लाईटच्या पाईपमधनं कुणी नेतो म्हणाला तर नको म्हणा, २३० व्होल्टच्या शेजारी लॅन केबल घालायची नाही.

सेक्रेटरी: बाहेरच्या भिंतीवरून केबल लोंबकळत सोडू नये ही नम्र विनंती. मागच्या वेळी डिशच्या वायरींवरून काय झालं सर्वांना माहीत आहे.

दादा (बंगला ३): साहेबांचं सौंदर्यासाठी असेल पण तसंही नकोच. गच्चीवरनं उघडी तांब्याची केबल नेली आणि वळवात जवळपास वीज पडली की राऊटरचं पोर्ट जळतंय. कडकडाट सुरू झाला की मावशी तुम्ही पण डबे काढून ठेवत जावा.

काकू (बंगला ९): लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणते केबलच करूया. वायरमनला सांगाल का तुम्ही, आमचा फोन उचलत नाही तो.

दादा (बंगला ३): सांगतो, कपाट तेवढं आधी हलवून ठेवा.

आण्णा (बंगला ११): ऐका वो जरा. शिवाजी पेठेत आमचं जुनं घर हाय, दगडी भिंती दीड हाताच्या, पुढच्या सोप्यातलं वायफाय माजघर ओलांडत न्हाय. धाकटा भाऊ मागच्या खोलीत क्लास घेतो. पट्टीवरचं वायरिंग, सिंगल फेज, टेलिफोनचा पाईप बिईप काय न्हाय. तिथं चालंल का हे फसवाफसवीचं यंत्र?

दादा (बंगला ३): आण्णा तुमचंच घर आहे बघा ह्याला! दगडापुढं वायफायचं काही चालत नाही आणि त्या भिंतीला भोक कोण पाडणार. फेज एकच आहे, अंतर कमी आहे. जुनं वायरिंग म्हणजे पीळ मारून टेप गुंडाळलेले जॉइंट असणार, तिथं सिग्नल सांडतो, ते वायरमनकडनं नीट करून घ्या, नेटसाठी नाही तर आगीसाठी तरी. परत घेणाऱ्या दुकानातनं आणा, क्लासच्या वेळेला सगळे दिवे-पंखे चालू असताना स्पीड बघा, रात्री बघून उपयोग नाही. दोन्ही डबे एकाच जातीचे घ्या, होमप्लगवाला आणि जी.एचएनवाला एकमेकांशी बोलत नाहीत.

आण्णा (बंगला ११): दोन पिनचं घेऊ का तीन पिनचं? दोन पिनचं स्वस्त दिसतंय

दादा (बंगला ३): दोन पिनचं बाहेरच्या देशातलं असतं, आपल्या ५ अँपिअरच्या सॉकेटात ढिलं बसतं, हललं की नेट गेलं. आणि एव्ही२ चे भारीतले डबे अर्थिंगची तार पण डेटाला वापरतात, दोन पिनला ते मिळतच नाही. तुमच्या जुन्या घरात अर्थिंग आहे का ते आधी बघा, नसलं तर भारीतलं घेऊन पैसे घालवू नका, साधं घ्या, पण तीन पिनचं.

आण्णा (बंगला ११): अर्थिंग वडिलांनी केल्तं परड्यात, मीठ कोळसा घालून. त्यावर आता पेरूचं झाड हाय

दादा (बंगला ३): वायरमनला काकूंच्यानंतर तुमच्याकडंच पाठवतो.