मदत हवी आहे: मालिकेचा शेवट नेमका कशाने बदलतो?

मंडळी, आमच्या मुलुंडच्या वाचक कट्ट्यावर मला मालिकांच्या शेवटांवर बोलायचंय. पडद्यामागचं कुणी सांगेल का?

परदेशातलं एक उदाहरण आहे. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ अमेरिकेत लेखकांचा संप होता, त्यात ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला सीझन ९ ऐवजी ७ भागांतच थांबला. आपल्याकडे एप्रिल २०२१मध्ये कोरोनामुळे राज्यात चित्रीकरण बंद झालं आणि कित्येक मराठी मालिका गोवा, सिल्वासाला गेल्या. पुढे मे महिन्यात गोव्यानेही परवानगी थांबवली! अशा धावपळीत कथेचं काय होतं?

फिल्मसिटी, मढ किंवा घोडबंदरच्या सेटवर काम केलेल्यांना विचारायचंय: टीआरपी घसरल्यावर ‘गुंडाळा’ असा निरोप लेखकाला किती आधी येतो? तेव्हा हाताशी किती भागांची बँक (म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग) असते? कलाकाराच्या तारखा नाहीत म्हणून शेवटचा प्रसंगच बदलला, असं होतं का? मला तर लेखकापेक्षा प्रॉडक्शनवाल्यांवरच जास्त संशय आहे. आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्या खलनायिका एकदम का सुधारतात, तेही सांगा.

मालिकेचं नाव नाही सांगितलंत तरी चालेल.