अक्राच्या दाराबाहेर बसलेल्या स्त्रिया आणि लायबेरियातील शांतता

कोयनाकाठ (धागालेखक)
युद्ध संपवण्याच्या वाटाघाटींत स्त्रियांना स्थान असावे, असा १३२५ क्रमांकाचा ठराव सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी एकमताने संमत केला. तीन वर्षांच्या आतच पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाचे सरकार आणि बंडखोर यांच्यातील युद्ध संपवण्याच्या वाटाघाटी घानाची राजधानी अक्रा येथे सुरू झाल्या, तेव्हा त्या देशातील शांतता आंदोलनाच्या स्त्रियांना सभागृहाच्या दाराबाहेर बसावे लागले. एप्रिल २००३पासून लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया येथील मासळी बाजारापाशी ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रिया पांढरे कपडे घालून उन्हापावसात एकत्र बसत होत्या. अध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा ज्या रस्त्याने जात असे, त्याच रस्त्यालगतची जागा त्यांनी निवडली होती. अखेर टेलर यांना त्यांची भेट घ्यावी लागली. जुलैत मन्रोव्हियावर तोफगोळे पडत असताना अक्रातील प्रतिनिधी मात्र पदांच्या वाटणीत गुंतले होते, तेव्हा आंदोलनाच्या नेत्या लेमा ग्बोवी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी हातात हात गुंफून सभागृहाचे दार अडवले. रक्षक अटक करायला आले, तेव्हा ग्बोवी यांनी सर्वांसमोर वस्त्रे उतरवण्याचा इशारा दिला. आईच्या वयाच्या स्त्रीने असे करणे त्या भागात शाप मानतात. मध्यस्थ अब्दुलसलामी अबुबकर यांनाच पुढे यावे लागले, आणि १८ ऑगस्टला करार झाला. हा करार ज्यांच्यामुळे झाला, त्यांना पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत दाराबाहेर नव्हे, तर मेजापाशी हक्काची जागा मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अश्वत्थ
त्या स्त्रियांच्या धैर्याविषयी मला नितांत आदर आहे, परंतु ‘ज्यांच्यामुळे करार झाला’ हे विधान मला पटत नाही. बंडखोरांनी मन्रोव्हियाला वेढा घातला होता, शेजारच्या सिएरा लिओनमधील युद्धगुन्ह्यांसाठीच्या विशेष न्यायालयाने टेलर यांच्यावरील आरोपपत्र ४ जूनला, म्हणजे वाटाघाटी सुरू झाल्या त्याच दिवशी उघड केले, आणि ऑगस्टच्या आरंभी नायजेरियाचे सैनिक उतरल्यानंतर टेलर ११ तारखेला देश सोडून गेले. हा दाब नसता, तर दार अडवूनही काही हाती लागले नसते. शिवाय स्त्री म्हणजे शांततेची बाजू, हे गृहीतकच मला धोक्याचे वाटते. लायबेरियाच्या सत्यशोधन आणि समेट आयोगाने २००९ मध्ये, टेलर यांना सुरुवातीच्या काळात दिलेल्या पाठिंब्यावरून, तेव्हाच्या अध्यक्ष खुद्द एलेन जॉन्सन सर्लीफ यांना ३० वर्षे सार्वजनिक पदापासून दूर ठेवण्याची शिफारस केली होती. पुढे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही पदबंदी घटनाबाह्य ठरवली आणि २०११ मध्ये सर्लीफ आणि ग्बोवी या दोघींना नोबेल मिळाले, हे मी नाकारत नाही.

रानवारा
आपण दोघेही करारावरच थांबला आहात. आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभरहून अधिक स्त्रियांची तुकडी जानेवारी २००७ मध्ये लायबेरियात गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील ही पहिलीच संपूर्ण महिला पोलीस तुकडी होती, आणि २०१६पर्यंत तिची कुमक बदलत राहिली. रात्रीच्या गस्तीवर गणवेशातील स्त्री दिसली, की अत्याचाराची तक्रार घेऊन येणाऱ्या मुलीसाठी ठाण्याचा उंबरठा थोडा तरी कमी उंच होतो.

अश्वत्थ
रानवारा, बाहेरून आलेली तुकडी एक दिवस परत जाते. बलात्काराच्या खटल्यांसाठी लायबेरियाने २००८ मध्ये स्वतःचे विशेष न्यायालय स्थापन केले. मी अधिक वजन त्याला देतो. मेजापाशी जागा आरक्षित केली, तर ती नेत्यांच्या घरातील स्त्रियांनाच मिळेल, ही भीतीही माझ्या मनातून जात नाही.

कोयनाकाठ
अश्वत्थ, ‘ज्यांच्यामुळे’ हा शब्द मी मागे घेतो. ‘ज्यांच्यावाचून’ असे म्हणायला हवे होते. वेढ्याने टेलर गेले, पण वेढा शस्त्रे खाली ठेवून घेऊ शकत नाही. डिसेंबर २००३ मध्ये निःशस्त्रीकरण सुरू होताच अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लढवय्ये छावणीवर येऊन थडकले, पैशांवरून दंगल उसळली आणि मोहीम एप्रिल २००४पर्यंत थांबवावी लागली. कोणत्या गावात कोणाचा मुलगा बंदूक घेऊन फिरतो, हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना नियोजनाच्या टप्प्यावर विचारले असते, तर आकड्यांचा अंदाज इतका चुकला नसता असे मला वाटते. घरातील स्त्रियांविषयीची आपली भीती रास्त आहे, म्हणूनच नावे पक्षांनी नव्हे, तर मासळी बाजारापाशी बसलेल्यांनी स्वतः निवडावीत असे मी सुचवतो. टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली, ती सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी. लायबेरियाच्या युद्धातील अत्याचारांसाठी त्यानंतरही कितीतरी वर्षे तेथील एकाही न्यायालयात खटला उभा राहिला नाही. त्या करारात युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाचे कलम घालायचे की नाही, हे ठरवताना दाराबाहेरच्या स्त्रियांचे मत कोणी विचारात घेतले होते का, याचे उत्तर मला आपल्याकडून ऐकायचे आहे.