सातारा ते नागपूर: 40 चे 68

जुने_कागद

काल 'हिशेबनीस' यांनी इथे लिहिलं की स्पीड पोस्टचे दर ऑक्टोबर 2012 नंतर थेट 1 ऑक्टोबर 2025 ला वाढले, 35 चे 47 झाले, म्हणजे 13 वर्षांत वर्षाला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. एवढ्यावर ज्यांचं दुकान डगमगतं त्यांनी ऑनलाइन विक्रीच्या फंदात पडू नये, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं तर दर दरवर्षी थोडेथोडे वाढवायला हवे होते, हेही त्यांचंच. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही दरपत्रकाची पहिली ओळ वाचलीत. ती 50 ग्रॅमपर्यंतची आहे. 50 ग्रॅमात काय मावतं? दोन कागद आणि एक पातळ पुठ्ठा. मी साताऱ्यातून जुने दिवाळी अंक, नकाशे, नाटकांची हस्तपत्रकं विकते. माझं पाकीट 150 ते 200 ग्रॅमचं, अंक असेल तर साडेतीनशेचं. माझी ओळ दुसरी. 200 ग्रॅमचं पाकीट पुण्याला 35 रुपयांत जायचं, आता 59. मुंबईला 40 होते, 63 झाले. नागपूरला 40 चे 68. आता गंमत नाही, गांभीर्याने पुढचे आकडे वाचा: गुवाहाटीला 70 चे फक्त 77, आणि साताऱ्यातल्या साताऱ्यात 25 वरून उलट 24. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा.

म्हणजे वाढ सगळ्यांवर सारखी पडलेली नाही. ती मधल्या अंतरांवर पडली आहे. माझं गिऱ्हाईक मराठी वाचणारं. ते पुण्यात, नाशकात, लातुरात, नागपुरात आहे, गुवाहाटीत नाही. देशभर विकणाऱ्याची सरासरी काढलीत तर वाढ किरकोळ दिसेल. मराठीत विकणाऱ्याची वाढ बघा, मग सत्तर टक्क्यांपर्यंत दिसेल.

आणि वेळ? अधिसूचना सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, अंमल 1 ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजनाला जेमतेम तीन आठवडे. मी गणपतीपासून अंकांची आगाऊ नोंदणी घेत होते, टपालासकट पैसे घेऊन. 350 ग्रॅमचं नागपूरचं पाकीट 60 वरून 82 वर गेलं. करासकट दर पाकिटामागे 25 रुपये 96 पैसे माझ्या खिशातून. अंकावर मला सुटतात 30.

हिशेबनीस

मधल्या अंतरांचा मुद्दा मी पाहिला नव्हता. ठीक. पण तुम्हीही सोयीची ओळ निवडली आहे. जुनी पायरी 200 ग्रॅमपर्यंत होती, नवी 250 पर्यंत आहे. तुमचं पाकीट 210 भरलं की नागपूरला पूर्वी 60 पडायचे, आता 68. पुण्याला 50 चे 59. हे का लिहिलं नाही? 200 ग्रॅमचं पाकीट पुठ्ठा घातल्यावर 200 राहतं कुठे?

आणि खासगी कुरियरवाले दर 1 जानेवारीला वाढवतात, वर डिझेलचा अधिभार. त्यांच्याबद्दल कोणी धागा काढत नाही. पोस्टाने 13 वर्षांत एकदा वाढवलं तर आकाश कोसळलं.

जुने_कागद

राहतं. कारण मी ते राहू देते. 13 वर्षं काटा समोर ठेवून पुठ्ठ्याच्या कडा कात्रीने कापत होते, 198 ला बसवायला. माझ्या आईने त्या कातरणांच्या दोन उशा भरल्या. 250 ची पायरी आली हे चांगलं झालं, मान्य करते. आता पुठ्ठा जाड घालता येतो, कोपरे दुमडत नाहीत. पण 150 ग्रॅमच्या नकाशाला त्या पायरीचा काय उपयोग?

टपालात_35_वर्षं

निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. पोस्टकार्ड आजही 50 पैशांत जातं. आंतर्देशीय अडीच रुपयांत. देशात 1 लाख 64 हजारांच्या वर टपाल कार्यालयं आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. कुरियरवाला जिथे 'सेवा उपलब्ध नाही' म्हणतो तिथे आमचा पोस्टमन सायकल घेऊन चढाव चढतो. मी स्वतः चढलो आहे, पावसात, पिशवी सदऱ्याखाली धरून. हा खर्च कोणी भरायचा? तुम्हाला ओटीपी हवा, माग हवा, वेळेवर हवं आणि दर 2012 चा हवा.

दरवर्षी दोन-तीन टक्के वाढले असते तर हा धक्का बसलाच नसता. हिशेबनीस बरोबर बोलत आहेत.

आमसूल_कुडाळ

काका, तुमच्या सायकलीला मनापासून नमस्कार. पण हे दरपत्रक कागदपत्रांचं आहे, वस्तूंचं नाही. आमच्यासारख्यांचं पार्सलच, आणि तिथे वजनापेक्षा खोका जास्त बोलतो. सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5000, येईल ते किलो; खऱ्या वजनापेक्षा ते जास्त भरलं की भाडं त्यावर. माझं अर्धा किलो आमसूल 25 बाय 20 बाय 12 च्या खोक्यात जातं. करा भागाकार: 1 किलो 200 ग्रॅम. एका कुरियरने मला चार महिन्यांनी मागल्या तारखेचा 'वजनफरक' लावला आणि शिलकीतून परस्पर वळता केला. फोटो मागितले तर माझ्या खोक्याचा नाहीच, दुसऱ्याच कुणाच्या खोक्याचा फोटो. वार्षिक वाढ परवडली, ती निदान आधी कळते.

तुशीवाली

दर कितीही वाढोत, माझ्या गिऱ्हाइकाला त्याच्याशी घेणं नाही. तिला 'शिपिंग फ्री' हवं. मी 350 ची तुशी आणि 80 टपाल असं लिहिलं की ती खरेदी अर्ध्यात सोडून जाते. तीच तुशी 430 'फ्री शिपिंग' लिहिली की घेते. तीन वर्षं हेच बघते आहे.

डोंबिवलीचा_वाचक

कारण आम्ही तुशी घेतो, टपाल नाही. मोठ्या ॲपवर दीडशेची वस्तू घरपोच फुकट येते आणि तुम्ही 60 रुपयांच्या अंकावर 80 रुपये टपाल लावता. हे लुटणं नाही तर काय?

तुशीवाली

लुटणं? फुकट येत नाही हो, ते विकणाऱ्याच्या कमिशनमधून कापलेलं असतं. मी त्या ॲपवर होते. महिन्याच्या शेवटी माझ्या हातात काय यायचं ते तुम्हाला दाखवलं तर दीडशेची वस्तू घेताना हात थांबेल. आणि 'घरी आल्यावर पैसे देईन' म्हणणारे? गेल्या श्रावणात 11 पार्सलं परत आली. दार उघडलं नाही, फोन उचलला नाही. जाताना भाडं माझं, येताना भाडं माझं. एका पार्सलमधली मोत्यांची सर तुटून आली.

डोंबिवलीचा_वाचक

सगळ्या गिऱ्हाइकांना एका माळेत ओवू नका. आम्हीही फसलो आहोत. आगाऊ पैसे भरले, वस्तू आली नाही, विकणाऱ्याने नंबर ब्लॉक केला. 900 रुपये. म्हणून घरी आल्यावर पैसे.

आमसूल_कुडाळ

आणि तुमच्या 900 ची शिक्षा आम्ही भोगायची का? मी दोन वर्षांपूर्वी ती सोय बंद केली. विक्री निम्मी झाली, पण झोप लागते.

तुशीवाली

मी बंद करू शकत नाही. खेड्यातल्या बायका माझं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे नवऱ्याचा फोन, नवऱ्याचं खातं. त्या साठवलेल्या नोटा दारात देतात. त्यांना 'आधी ऑनलाइन भरा' कसं सांगू?

टपालात_35_वर्षं

त्याच बायकांच्या दारात व्हीपी, म्हणजे वस्तू देऊन दारातच पैसे घ्यायचं टपाल, घेऊन आम्ही जात होतो, ताई. ही पद्धत ॲपवाल्यांनी शोधलेली नाही.

हिशेबनीस

धागा टपालदराचा होता.

तुशीवाली

हा टपालदरच आहे! परत आलेल्या प्रत्येक पार्सलवर दरवाढ दोनदा लागते. तुम्ही टेबलावर बसून टक्के काढता, मी दोन्ही बाजूंचं भाडं भरते. एकदा पॅकिंगला बसा माझ्याकडे, मग सव्वादोन टक्के सांगा.

हिशेबनीस

बसलो आहे. माझ्या बहिणीचं पापड-कुरडयांचं काम होतं, मी तिचा हिशेब ठेवायचो. ते बंद पडलं ते टपालामुळे नाही, किंमत वाढवायला ती घाबरायची म्हणून. कुरियर दरवर्षी वाढायचं, ती तीन वर्षं जुनाच आकडा ठेवायची, मग एकदम 40 रुपये वाढवले आणि गिऱ्हाईक तुटलं. म्हणून मी दरवर्षी म्हणतो. थोडं वाढलं की विकणाराही थोडं वाढवतो, कोणी चमकत नाही. राग काढायचा तर काढा.

जर्सीतली_रांगोळी

न्यू जर्सीतून लिहितेय. दिवाळीआधी आकाशकंदील आणि रांगोळीचे साचे घरून विकते. इथे जे दरवर्षीचं वाढणं आहे ते अनुभवून सांगते. जुलै 2025 मध्ये पत्राचं तिकीट 73 सेंटांवरून 78 वर गेलं, आणि मी ज्या सेवेने पाठवते ती इथल्या टपालखात्याची पार्सलसेवा, ग्राउंड ॲडव्हांटेज, सरासरी 7.1 टक्क्यांनी वाढली. दोन-तीन नव्हे, काका. शिवाय ऑक्टोबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सणासुदीचा तात्पुरता दर वेगळा, म्हणजे माझे कंदील नेमके त्यातच सापडतात. 'सरासरी' या शब्दावरही जाऊ नका. हलकं पाकीट आणि जवळचं अंतर यांना वेगळीच वाढ लागते, अगदी साताऱ्याच्या ताईंसारखी.

एक गोष्ट मात्र चांगली. नवे दर दीड-दोन महिने आधी जाहीर होतात. मी कॅलेंडरवर खूण करते, एक शनिवार बसून सगळ्या वस्तूंच्या किमती बदलते. थकवणारं आहे, पण आगाऊ घेतलेल्या ऑर्डरीत नुकसान होत नाही.

जुने_कागद

हेच. मला वाढीपेक्षा तारखेचा राग आहे. 18 डिसेंबर 2024 आठवा. पुस्तकांचं रजिस्टर्ड बुकपोस्ट त्या दिवसापासून बंद झालं. 5 किलो पुस्तकं 80 रुपयांत जायची, रजिस्टर्ड पार्सलने तीच 229. त्याजागी पुस्तकांसाठी सवलतीचं ज्ञान पोस्ट सुरू झालं 1 मे 2025 ला. मधले साडेचार महिने पुस्तकवाल्यांनी काय करायचं होतं? ज्ञान पोस्टचे दर चांगले आहेत, 300 ग्रॅमला 20, 5 किलोला 100, वर कर. मी वापरते आणि आशीर्वाद देते. पण त्यात जाहिराती असलेलं छापील साहित्य बसत नाही. आता सांगा, जाहिरातींशिवाय दिवाळी अंक कोणी पाहिला आहे? शंभर वर्षांहून जुनी परंपरा आमची, आणि ती पानभर जाहिरातींमुळे सवलतीतून बाहेर.

टपालात_35_वर्षं

जाहिरातींचा नियम योग्य आहे. नाहीतर उद्या साड्यांचे कॅटलॉग ज्ञान म्हणून जातील. आम्ही खिडकीवर ते प्रकार पाहिले आहेत.

दिवाळी अंकाचा वेगळा विचार व्हावा, हे मात्र मला पटतं. आणि तारखेचंही पटतं. दर बदलायचे तर 1 एप्रिलला बदला आणि फेब्रुवारीत सांगा. दिवाळीच्या तोंडावर नको. सणाच्या गर्दीत नवे दर समजावत बसायला खिडकीवरच्या माणसालाही नकोच असतं.

हिशेबनीस

दरवर्षी, 1 एप्रिल, दोन महिने आधी सूचना. एवढ्यावर आपण तिघे एक झालो असलो तर पुरे. सत्तर टक्क्यांचा आकडा तुमचा बरोबर होता, फक्त 200 ग्रॅमपर्यंतच. 'फंदात पडू नये' हे वाक्य मात्र मागे घेतो.

जुने_कागद

एक झालो नाही. दरवर्षी वाढवा म्हणण्याआधी मधल्या अंतरांचे दर खाली आणा, मग पुढचं. वाक्य मागे घेतलंत, ते पोचलं.

डोंबिवलीचा_वाचक

ताई, लुटण्याचं मीही मागे घेतो, पण 60 वर 80 मला अजूनही जड जातात. तुमच्या यादीतली कोकणच्या प्रवासवर्णनाची दोन पुस्तकं आणि एक शब्दकोश एकत्र मागवलं तर?

जुने_कागद

पुस्तकं आहेत, ज्ञान पोस्टने जातील. किलोपर्यंत 35 अधिक कर. पण शब्दकोशच 700 ग्रॅमचा आहे, तिन्ही मिळून किलोच्या वर जातील, मग 50. प्रवासवर्णनांपैकी पातळ असलेलं एक घ्या, 960 ग्रॅममध्ये बसवते. पुठ्ठा मी कापेन.