मदत हवी आहे : ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची स्पीच थेरपी कशी चालू ठेवावी?

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात घरोघरी जाऊन लहान मुलांना स्पीच थेरपी देणाऱ्यांना विचारायचंय. दसरा-दिवाळीनंतर कुटुंबं कारखान्यावर जातात, ती मार्च-एप्रिललाच परततात. नुकतंच श्रवणयंत्र लागलेल्या २-३ वर्षांच्या मुलासाठी हेच महिने सगळ्यात मोलाचे.

निघण्याआधी आईला रोजची तपासणी शिकवता येते : मुलाच्या मागून आ, ई, ऊ, म, श, स म्हणायचं, आधी १ मीटरवरून, मग ३. मूल वळलं नाही तर आधी बॅटरी बघायची, मग साच्याच्या (कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा भाग) नळीतला मळ किंवा पाणी. खरी अडचण पुढेच. कोपीवर (ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी) धूळ, घाम. यंत्रातला ओलावा शोषणारी सिलिका जेलची डबी टिकत नाही. १३ नंबरची बॅटरी आठ-पंधरा दिवसांत संपते. मूल वाढतं, साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारतं आणि पिशवीत जातं. आई तर पहाटेच फडात.

फोनवर कोणत्या वेळी, किती मिनिटं जमतं? साचा तिकडेच बदलायची सोय कुणी लावलीय का? मूल आजीजवळ गावीच ठेवा, असं सुचवावं का? आईचं बोलणं कानी पडणार नाही म्हणून मला ते पटत नाही, पण यंत्र तरी रोज कानात राहील.